विकतचे साहस आणि फुकटचा डोंगर

२५ मे २०२४ रोजी गुजरातमधील राजकोट शहरात ‘टीआरपी गेम झोन’ नावाच्या करमणूक केंद्राला आग लागली आणि २७ जण जळून मेले. मृतांत लहान मुले होती. शाळांना उन्हाळी सुट्टी होती, शनिवार होता आणि गर्दी खेचण्यासाठी तिकिटाचे दर उतरविण्यात आले होते. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम चालू असतानाच खेळही चालू होते. गो-कार्टिंगच्या गाड्यांसाठी व जनित्रासाठी लागणारे इंधन आवारातच साठविलेले होते. अग्निशमन दलाचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र नव्हते. दुसऱ्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ही आपत्ती मानवनिर्मित असल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदविले.

त्याआधी जेमतेम चार महिने, १८ जानेवारी २०२४ रोजी, वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या होत्या. क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे बोटीत भरलेली होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तलाव सार्वजनिक मालकीचा. परंतु महानगरपालिकेने तो ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’च्या नावाखाली कंत्राटदाराच्या हवाली केलेला होता. त्याहीपूर्वी, जुलै २०१९ मध्ये, अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी करमणूक उद्यानातील मोठा झोपाळा तुटून माणसे मेली होती. तेथेही जागा महापालिकेची आणि खेळ कंत्राटदाराचा होता.

प्रत्येक वेळी काही जणांना अटक होते, काही अधिकारी निलंबित होतात, भरपाई जाहीर होते, राज्यभर तपासणीची मोहीम निघते, आणि सुट्टीचा पुढचा हंगाम आला की सर्व पूर्ववत सुरू होते. म्हणून या घटनांकडे केवळ निष्काळजीपणाची प्रकरणे म्हणून पाहणे अपुरे आहे. साहस, मैदानी खेळ, पाणी, डोंगर आणि मोकळी हवा या गोष्टी विक्रीला काढणाऱ्या एका वाढत्या धंद्याचा तो स्वाभाविक परिपाक आहे. त्या धंद्याचे अंतरंग समजून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध कोणती मागणी करावयाची हे ठरविता येणार नाही.

सुट्टी कोणी मिळवून दिली?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कष्टकऱ्यांच्या चळवळीला मौजेचे वावडे आहे, असा प्रचार तिचे विरोधक नेहमीच करीत आले आहेत. इतिहास याच्या नेमका उलट आहे. भारतातल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी कोणा गिरणीमालकाच्या औदार्याने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, एप्रिल १८९० मध्ये हजारो कामगारांची सभा भरविली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेला रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज ज्या रविवारी मध्यमवर्गीय कुटुंबे सहलीला निघतात, तो रविवार कामगारांनी झगडून घेतलेला आहे.

इतर देशांतही हेच घडले. इंग्लंडमधील मँचेस्टर व शेफील्ड या औद्योगिक शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश आहे. धुराने कोंडलेल्या कामगारांना रविवारी तेथे फिरावयास जावेसे वाटे. परंतु किंडर स्काउटचे पठार जमीनदारांनी आपल्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि त्यावर पाऊल ठेवण्यास सामान्यांना बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० तरुण कामगार ही बंदी जाहीररीत्या मोडून डोंगरावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा यंग कम्युनिस्ट लीगचा वीस वर्षांचा कार्यकर्ता होता. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. शिक्षांनी जनमत खवळले. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेशातील प्रवेशाचा कायदा झाला आणि १९५१ साली तोच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. त्या जमिनीच्या तत्कालीन मालकाच्या वंशजाने २००२ साली, सत्तर वर्षांनंतर, आपल्या घराण्याच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली.

फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये कारखाने ताब्यात घेऊन कामगारांनी केलेल्या प्रचंड संपानंतर पॉप्युलर फ्रंट सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. क्रीडा व विरंगुळा हा विषय सांभाळणाऱ्या लिओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली आणि आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेली लाखो कुटुंबे त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर गेली. प्रतिगामी वृत्तपत्रांनी त्यांची ‘आळसाचे मंत्री’ म्हणून हेटाळणी केली.

भारतातही साहसी खेळांची सुरुवात बाजाराने केलेली नाही. १९५३ साली तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोचले. त्यानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तेनसिंग तेथे तरुणांना शिकवू लागले. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. या सार्वजनिक संस्था होत्या. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कड्यांवर प्रस्तरारोहणाची परंपरा उभी केली ती मुंबई-पुण्याच्या, नोकरी सांभाळून रविवारी दोर खांद्यावर टाकणाऱ्या तरुणांच्या स्वयंसेवी मंडळांनी. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने नागरी मोहीम काढून एव्हरेस्ट सर केले, तेही लोकवर्गणीच्या बळावर. साहस ही सामुदायिक गोष्ट होती. एका दोरावर बांधलेल्या माणसांचा परस्परांवरील विश्वास हाच तिचा पाया होता.

साहसाची क्रयवस्तू

भांडवलशाहीने या गोष्टीचे काय केले? मुंबईजवळ गोराईला १९८९ साली ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले, तेव्हा करमणूक उद्यान म्हणजे पाळणे व चक्रे असा अर्थ होता. उदारीकरणानंतर मोठ्या शहरांत हाती पैसा व गाडी असलेला ग्राहक वाढला आणि धंद्याचे स्वरूप पालटले. आता उद्यान, हॉटेल, पाण्याचे खेळ आणि मैदानी साहस असे सर्व एकाच कुंपणाआड एकत्र विकले जाते. झिपलाइन, रॅपलिंग, दोरांचे अडथळे, कयाकिंग, डोंगरी मोटारगाड्या, छऱ्यांच्या लुटुपुटुच्या लढाया असा सगळा माल ‘पॅकेज’मध्ये बांधून ठेवलेला असतो. एका कुटुंबाला एका दिवसासाठी मोजावी लागणारी रक्कम ही त्याच परिसरातील शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते.

या मालाचा एक विशेष आहे. खऱ्या गिर्यारोहकाला धोक्याचे ज्ञान असते. दोर कसा बांधावा, केव्हा माघार घ्यावी हे तो वर्षानुवर्षे शिकतो. विकतच्या साहसात ग्राहकाला ज्ञान नको असते आणि दुकानदाराला ते देण्यास वेळ नसतो. ग्राहकाला धोक्याचा आभास हवा असतो. प्रत्यक्ष सुरक्षिततेचे सर्व ओझे साधनांवर आणि साधने हाताळणाऱ्या मजुरावर पडते. दोर उन्हाने, घर्षणाने व झटक्यांनी झिजत जातो. वरून धड दिसणाऱ्या दोराचे आयुष्य आतून संपलेले असू शकते. म्हणूनच त्याच्या वापराची नोंद ठेवून, मुदत संपताच तो बाद करावा लागतो. प्रत्येक आधाराला दुसरा स्वतंत्र आधार द्यावा लागतो. रोज सकाळी तपासणीसाठी खेळ बंद ठेवावा लागतो. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि तिकिटाच्या विक्रीत तिच्यामुळे एका पैशाचीही भर पडत नाही. नफ्याच्या हिशेबात कात्री प्रथम कोठे लागणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

राज्यसंस्थेची भूमिकाही पाहण्याजोगी आहे. वस्तू व सेवा कर परिषदेने जानेवारी २०१८ मध्ये थीम पार्क, वॉटर पार्क, गो-कार्टिंग इत्यादींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. उद्योगाची मागणी इतक्या तत्परतेने मान्य होते. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ही घाई दिसत नाही. भारतीय मानक ब्यूरोची करमणूक साधनांविषयीची मानके वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत; परंतु त्यांची सक्तीने अंमलबजावणी करणारा देशव्यापी कायदा नाही. महाराष्ट्राने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले ते २०२१ साली, आणि तेही मुले गमावलेल्या पालकांनी न्यायालयाचे दरवाजे वर्षानुवर्षे ठोठावल्यानंतर. गुजरातला नियम करण्याची जाग आली ती राजकोटच्या चितांनंतर. नफ्यासाठी सवलत आधी आणि माणसांसाठी नियम प्रेतांनंतर, असा हा क्रम आहे.

सह्याद्रीच्या दोन बाजू

मुंबई-पुणे महामार्गाच्या दुतर्फा पसरलेल्या पट्ट्यात या धंद्याचे खरे स्वरूप उघड होते. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, सांगडेवाडी येथे, एप्रिल २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ हे भव्य थीम पार्क सुरू झाले. पुढे वॉटर पार्क व हॉटेल झाले. उभारणीचे कर्ज बँकांचे होते. धंदा अपेक्षेप्रमाणे चालला नाही तेव्हा कर्ज थकले. २०२२ साली उद्यान नव्या मालकाच्या हाती गेले आणि बँकांना आपल्या येण्यातील मोठ्या रकमेवर पाणी सोडावे लागले. अशा व्यवहारात बुडतो तो अखेर ठेवीदार जनतेचा पैसा.

त्याच खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची इरशाळवाडी होती. गडावर जाणारे ट्रेकर्स या वाडीतून जात, तेथे पाणी पीत. वाडीला रस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळून वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. यंत्रे वर नेता येत नव्हती, म्हणून बचाव पथकांना चढण चढून हातांनी माती उपसावी लागली. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले.

एकाच तालुक्याचे हे दोन चेहरे आहेत. एका ठिकाणी शेकडो कोटींचे कर्ज काढून कृत्रिम भीती निर्माण करणारी यंत्रे उभी राहतात. दुसऱ्या ठिकाणी खऱ्या भीतीच्या छायेत जगणाऱ्या माणसांसाठी कच्चा रस्ताही होत नाही. इमॅजिकामुळे इरशाळवाडीवर दरड कोसळली असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. डोंगराच्या मूळ रहिवाशाला ज्या व्यवस्थेत पायवाटच मिळते, तीच व्यवस्था त्या डोंगराचा देखावा विकणाऱ्याला महामार्ग, वीज, पाणी व पतपुरवठा पोचविते.

घाटाच्या वरच्या अंगाला मुळशी तालुका आहे. येथे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी पन्नासच्या आसपास गावे बुडविण्यात आली. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. १९२४ पर्यंत लढा चालला, शेतकरी स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, धरण मात्र झालेच. त्या धरणाचे पाणी बोगदे व नळ यांतून घाटाखाली भिरा येथील वीजगृहात कोसळते आणि वीज निर्माण झाल्यावर कुंडलिका नदीत सोडले जाते. कोलाडचे सुप्रसिद्ध राफ्टिंग सकाळी सुटणाऱ्या या पाण्यावर चालते. कोरड्या ऋतूतही नदीला लाटा येतात, कारण शंभर वर्षांपूर्वी वर कोणाची तरी भाताची खाचरे बुडाली आहेत. ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून जाहिरातीत जे विकले जाते, त्यात विस्थापितांचे अश्रू व मजुरांचा घाम मिसळलेला आहे; तो जाहिरातीत दिसत नाही इतकेच.

मुळशीच्या शेजारीच मोसे खोऱ्यात लवासा झाले. १९९६ च्या गिरिस्थान धोरणाचा आधार घेऊन २००१ साली १८ गावांचा प्रदेश त्यासाठी घोषित झाला. वरसगाव धरणासाठी सार्वजनिक हेतूने घेतलेल्या जमिनीतील सुमारे १४१ हेक्टर जमीन कृष्णा खोरे महामंडळाने कंपनीस भाडेपट्ट्याने दिली. कसेल त्याची जमीन या तत्त्वावर उभा असलेला कूळकायदा अशा प्रकल्पांना आड येऊ नये म्हणून त्यात आधीच फटी पाडण्यात आल्या होत्या. २००५ साली त्या आणखी रुंद झाल्या. निक फाल्डो यांच्या नावाचे गोल्फ मैदान, स्टीव्ह रेडग्रेव्ह यांच्या नावाची नौकानयन अकादमी अशा घोषणांचा पाऊस पडला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला काम थांबविण्याची नोटीस द्यावी लागली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मैदाने व अकादम्या कागदावर राहिल्या. आदिवासी व शेतकरी यांच्या हातून गेलेली जमीन मात्र कागदावरून परत आली नाही.

दोर कोणाच्या हातात?

आता या कुंपणाआड काम करणाऱ्यांकडे वळले पाहिजे. झिपलाइनच्या टोकाला उभे राहून ग्राहकाला पट्टे बांधणारा, राफ्टमध्ये मागे बसून वल्हे मारणारा, पाळण्याची कळ दाबणारा तरुण बहुतेक ठिकाणी आसपासच्या गावांतला असतो. अनेकदा ज्या जमिनीवर रिसॉर्ट उभे आहे, ती त्याच्या आजोबांनी कसलेली असते. तो बहुधा कंत्राटी किंवा हंगामी असतो. रविवारी व सणासुदीला गर्दी अधिक, म्हणून सुट्टी त्याच दिवशी नाही. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार त्याच्या वाट्याला येत नाही. पावसाळ्यात किंवा परीक्षांच्या काळात धंदा मंदावला की त्याला घरी बसविले जाते.

या माणसाच्या कामाचे स्वरूप कारखान्यातील यंत्रावरच्या कामाहून कमी जोखमीचे नाही. दिवसाच्या अखेरीस शेकडाव्या माणसाला पट्टा बांधताना त्याच्या थकलेल्या बोटांकडून एक बक्कल सुटले, तर माणूस दरीत जातो. दोर झिजला आहे, वारा वाढला आहे, बोटीत माणसे जास्त झाली आहेत, हे सर्वांत आधी त्यालाच कळते. परंतु ‘खेळ थांबवा’ असे म्हणण्याची ताकद त्याच्यापाशी नसते, कारण तसे म्हणणाऱ्याला उद्या कामावर बोलावले जाईल याची शाश्वती नसते. आणि अपघात झाला की पहिली बेडी पडते ती बहुधा याच हातांत. सुरक्षितता हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. तो कामगाराच्या हक्कांचा प्रश्न आहे. ज्या कामगाराला संघटना नाही, त्याच्या हाती ग्राहकाचा जीवही सुरक्षित नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. कंत्राटी कामगारविषयक तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेण्यात आली आणि निरीक्षकाला ‘सुविधाकार’ बनविण्यात आले. पाच-पन्नास माणसांवर चालणाऱ्या साहसी खेळांच्या केंद्रांना याचा अर्थ चांगला समजतो. जेथे अधिक डोळे हवे होते, तेथे असलेलेही मिटविण्यात आले आहेत.

रोजगाराचा युक्तिवाद

या धंद्याच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. रिसॉर्टे नसती तर या तरुणांना मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत जावे लागले असते; त्यांना गावातच पगार मिळतो हे काय वाईट, असे विचारले जाते. रोजगाराची गरज खरी आहे आणि ती हिणविण्याचे कारण नाही. म्हणूनच ‘रिसॉर्टे बंद करा’ ही सरसकट घोषणा चुकीची ठरेल. तिने कामगार दुरावेल आणि मालकाला त्याची ढाल करता येईल. परंतु रोजगार हे उपकार नव्हेत. ज्याचा डोंगर, ज्याचे पाणी, ज्याचे श्रम, त्याला हंगामी मजुरी. आणि ज्याचे केवळ भांडवल, तेही बहुशः बँकांकडून उसने घेतलेले, त्याला मालकी, हा व्यवहार न्याय्य आहे काय, हा खरा प्रश्न आहे. गावकऱ्यांच्या सहकारी संस्था राफ्टिंग, गडदर्शन, निवास हे सर्व चालवू शकतात. दऱ्याखोऱ्यांचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. नाही ते कर्ज, प्रशिक्षण आणि परवाना. हे तिन्ही सरकारच्या हाती आहे.

दुसरी गोष्ट कष्टकऱ्यांच्या मुलांची. त्यांनाही पोहावेसे, चढावेसे, उंचावरून खाली पाहावेसे वाटते. शहरांतील मैदाने बिल्डरांच्या घशात गेली, महापालिकांचे तलाव कंत्राटदारांकडे गेले, शाळांतून शारीरिक शिक्षकांची पदे रिकामी पडली. मोकळ्या हवेतील खेळ हा हक्क न राहता तिकीट झाला. म्हणून राजकोटसारख्या ठिकाणी स्वस्त तिकिटाच्या दिवशी गर्दी उसळते. स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त जीव, हे त्या आई-बापांना कोणी सांगितलेले नसते.

मागण्या आणि कर्तव्ये

या परिस्थितीत डाव्या व लोकशाही शक्तींनी ठोस मागण्या घेऊन पुढे आले पाहिजे. करमणूक उद्याने व साहसी खेळ यांच्यासाठी सक्तीची मानके असलेला देशव्यापी कायदा झाला पाहिजे. प्रत्येक साधनाच्या तपासणीचा दिनांक व दाखला प्रवेशद्वारावर मातृभाषेत लावला पाहिजे, आणि ती तपासणी मालकाने नेमलेल्या सल्लागाराने नव्हे, तर स्वतंत्र शासकीय यंत्रणेने केली पाहिजे. साधने हाताळणारे कामगार कायम, प्रशिक्षित व विमाधारक असले पाहिजेत. धोका दिसताच खेळ थांबविण्याचा अधिकार त्यांना कायद्याने मिळाला पाहिजे आणि तो वापरल्याबद्दल कामावरून काढणे गुन्हा ठरला पाहिजे. सार्वजनिक तलाव, नदीकाठ व मैदाने कंत्राटाने देण्याचे धोरण रद्द झाले पाहिजे. डोंगरपट्ट्यातील कोणत्याही प्रकल्पासाठी ग्रामसभेची संमती आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचा आधी निपटारा अनिवार्य असला पाहिजे. दरडीच्या छायेतील वाड्यांचे, त्यांच्या संमतीने व त्यांच्या उपजीविकेजवळ, पुनर्वसन हे कोणत्याही पर्यटन प्रकल्पाआधी झाले पाहिजे. आणि दार्जिलिंग-उत्तरकाशीच्या धर्तीवर सार्वजनिक साहस-शिक्षण केंद्रे प्रत्येक राज्यात उघडली पाहिजेत, जेथे कामगार-शेतकऱ्यांची मुले विनामूल्य शिकू शकतील.

मागण्या कागदावर राहू नयेत यासाठी काम करावे लागेल. रिसॉर्टांच्या पट्ट्यांतील कामगार विखुरलेला आहे. हॉटेल, उद्यान, साहसी खेळ व वाहतूक यांतील कामगारांची परिसरवार युनियन हाच त्यावर उपाय आहे. युवक व विद्यार्थी संघटनांनी आपल्या शहरातील तलाव व उद्यानांची कंत्राटे माहितीच्या अधिकाराखाली मागवून लोकांसमोर मांडावीत. सहलीला मुले पाठविणाऱ्या पालकांना त्यात सामील करून घ्यावे. किसान व आदिवासी संघटनांनी जमीन-व्यवहारांवर लक्ष ठेवावे. ही कामे लहान दिसतात. परंतु किंडर स्काउटवर चढलेले ते चारशे जणही काही सैन्य नव्हते.

आठ तासांचा दिवस मागताना कामगारवर्गाने केवळ कमी काम मागितले नव्हते. उरलेल्या वेळेवर, मोकळ्या हवेवर आणि आनंदावर आपला हक्क सांगितला होता. तो हक्क आज तिकीट खिडकीवर विकला जात आहे आणि विकणाऱ्याच्या हातातील दोर झिजलेला आहे. डोंगर, पाणी आणि दोर या तिन्हींवर जनतेचा अधिकार प्रस्थापित होईल, तेव्हाच हरणीच्या तलावात बुडालेल्या त्या मुलांना न्याय मिळाला असे म्हणता येईल.